घरच्या गाडीचे टायर

टायरच्या दुकानात शिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती चालते?" उत्तरही तयार असतं. "पन्नास हजार कुठं नाही गेले, ताई." शेजारचा दुकानदार साठ सांगतो, त्याच्या पुढचा सत्तर. ज्याचा आकडा मोठा त्याचा टायर चांगला, अशा हिशेबाने आपण पैसे मोजतो आणि पुढची चार-पाच वर्षं त्या चाकांकडे ढुंकूनही बघत नाही.

टॅक्सीवाल्याने हा प्रश्न पहिला विचारला तर ते बरोबरच आहे. रोज नागपूर-रायपूर करणाऱ्या माणसाचं पोट किलोमीटरवर चालतं. आमची अर्टिगा मात्र वर्षाकाठी फार धावत नाही. सकाळी शाळा, मग ऑफिस, संध्याकाळी बर्डीचा बाजार, मधूनच रामटेक, दिवाळीनंतर शेगाव आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत समृद्धी महामार्गावरून शिर्डी. पण तिच्यात सासू-सासरे असतात, मुलं असतात, कधी नणंद आणि तिची लेक असते. सातही जागा भरतात आणि वर टपावर सामान. अशा गाडीसाठी टायर घेताना मला आधी हे जाणून घ्यायचं असतं, की पावसात अचानक ब्रेक दाबला तर गाडी कुठं थांबेल, आणि मे महिन्याच्या दुपारी एवढं ओझं घेऊन तासन्‌तास पळाल्यावर टायर किती तापेल. किती चालेल ते त्यानंतर बघू.

तापण्याचं गणित मला सासऱ्यांमुळे कळलं. बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत होते, उमरेडच्या खुल्या खाणीत, डंपरच्या विभागात. डंपरचा टायर माणसाच्या उंचीचा आणि किंमत लाखांतली, त्यामुळे तिथं इंजिनाइतकीच काळजी टायरची घेतात. बाबा सांगतात, खाणीतल्या टायरला वजन आणि वेग यांची मिळून एक मर्यादा असते. टायरवर सरासरी किती टन येतात, गुणिले दिवसभरात ताशी सरासरी वेग किती पडतो, असा तो टन-किलोमीटरचा आकडा. ऊन वाढलं की तो खाली आणायचा, म्हणजे माल तरी कमी भरायचा नाहीतर फेऱ्या तरी सावकाश मारायच्या. जमिनीला टेकलेलं रबर दबतं, वर गेलं की सुटतं, पुन्हा दबतं. प्रत्येक दबण्यात थोडी उष्णता आत राहते आणि जाड रबर ती लवकर बाहेर सोडत नाही. ती साठत गेली की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो.

हेच आपल्या कारला लावून बघू. आमच्या अर्टिगाचा १८५/६५ आर १५ या मापाचा (रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायर एका फेऱ्यात दोन मीटरला जरा कमी अंतर कापतो. ताशी १२० च्या वेगाला तो सेकंदाला सतरा वेळा फिरतो. म्हणजे रबराचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा दबतो आणि सुटतो, आणि हे अर्धा-अर्धा तास न थांबता चालू राहतं. आत हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, जास्त तापतो.

म्हणूनच "उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा बाप्पा" हा सल्ला मला इतका खटकतो. आपल्याकडे पेट्रोल पंपावर, गॅरेजात, लग्नघरी, सगळीकडे तो ऐकू येतो आणि देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. उन्हाने आतली हवा प्रसरण पावेल आणि टायर फुटेल, असा त्यामागचा विचार. हवा प्रसरण पावते हे खरंच आहे, पण टायर बनवणाऱ्याने ते धरूनच टायर बनवलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरसाठी आहे. धावल्यावर दाब त्याच्या वर जाणार, ते गृहीतच आहे. हवा कमी ठेवली की टायरची कड, म्हणजे बाजूची भिंत, जास्त वाकते, त्यातून आणखी उष्णता तयार होते, आणि ज्याची भीती होती त्याच दिशेने आपण टायरला ढकलतो. त्या स्टिकरवर बहुतेक वेळा भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. सातजण बसणार असतील तर तोच पाळायचा.

नागपुरात यात आणखी एक गुंता आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की दाब एक पीएसआय (टायरमधली हवा मोजायचं एकक) इकडेतिकडे होतो. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ वर असतो आणि जानेवारीतल्या पहाटे दहाच्या खाली येतो. मे महिन्यात दुपारी पंपावर ३३ भरून निश्चिंत झालेल्या माणसाच्या टायरमध्ये, एकही पंक्चर नसताना, जानेवारीत सकाळी २७ च्या आसपासच हवा उरते. म्हणून दाब सकाळीच बघावा, गाडी हलवण्याआधी, आणि घरच्या गेजने. चांगला गेज काही शेकड्यांत येतो. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरतात, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. फुकट मिळाला तर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर तपासणं सोडू नये.

समृद्धीमुळे हे सगळं आपल्या दाराशी आलं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला १२० ची मुभा आहे आणि काँक्रीट सरळ पसरलेलं आहे. जुन्या रस्त्याने जाताना वाटेत गावं लागायची, फाटक लागायचं, चहासाठी थांबणं व्हायचं, आणि त्या थांबण्यांत टायरही निवायचे. आता नागपूरच्या टोकाला शिवमडक्याला चढलं की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचं कारणच उरत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात आरटीओच्या लोकांनी प्रवेशावरच टायर तपासायला आणि घासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी कुरकुर झाली. मला ते मनापासून पटलं होतं. शहरात ४० च्या वेगाला खपून जाणारा टायर १२० ला खपत नाही.

आता पावसाचं बघू. टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. सात माणसांची गाडी अशा चार तळहातांवर थांबते. पाऊस पडला की त्या तळहाताखालचं पाणी बाहेर फेकायला वाट हवी असते, ती म्हणजे खोबणी. नव्या टायरला ती सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने १.६ पर्यंत चालते. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, टायर तिथवर घासला की मर्यादा संपली. पण सात मिलिमीटरवर जेवढं पाणी बाहेर जातं तेवढं दोनवर जात नाही, हे समजायला कायदा कशाला हवा? गाडी पाण्यावर तरंगू लागली की स्टिअरिंग हलकं होतं आणि ब्रेकचा उपयोग संपतो. आमच्या घरात तीन मिलिमीटर ही मर्यादा आहे, आणि ती मोजायची वेळ मे महिन्याची, पाऊस पडायच्या आधी.

पहिल्या पावसात काय होतं ते नागपूरकरांना माहीत आहे. चार महिने रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि घासलेलं रबर पहिल्या सरीत वर येतं, आणि गुळगुळीत झालेल्या सिमेंट रोडवर, विशेषतः पांढऱ्या पट्ट्यांवर, दुचाक्या आडव्या होतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीने काठावरच्या वस्त्या बुडवल्या, तेव्हा तर प्रश्न टायरच्या पलीकडे गेला होता. पण त्याच्या अलीकडचे, अर्ध्या तासात वर्धा रोडवर वीतभर पाणी साचतं असे दिवस दर पावसाळ्यात येतात.

इथं किलोमीटरचा आकडा आणि पकड एकमेकांच्या आड येतात. फार चालणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो. कडक रबर कमी झिजतं, पण ओल्या रस्त्याला कमी धरतं. कंपन्या दोन्ही साधायचा प्रयत्न करतात आणि रसायनं बदलून बऱ्याच अंशी साधतातही. तरी एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या दोन टायरांत एक जास्त चालणारा आणि दुसरा पकडीचा, शांत चालणारा असतो. दुकानदाराला कंपनी विचारण्याआधी यातला कुठला हे विचारावं. मी पकडीचा घेतला. तो दहा हजार किलोमीटर लवकर संपेल, हे मला ठाऊक आहे आणि मान्य आहे. सरकारनेही २०२२ च्या ऑक्टोबरपासून नव्या बनावटीच्या टायरांना ओल्या रस्त्यावरची पकड, चाक फिरतानाचा रोध आणि आवाज यांचे निकष लावले, २०२३ मध्ये आधीच्या बनावटींनाही. म्हणजे इथं कायदेशीर विकला जाणारा नवा टायर अगदीच टाकाऊ नसतो. त्यामुळे एमआरएफ की अपोलो, सिएट की मिशेलिन, यावर घरात भांडण करण्यात मला अर्थ वाटत नाही.

नवा टायर ठरवायच्या आधी जुना वाचावा, असं बाबांचं म्हणणं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते खुर्ची घेऊन गाडीपाशी बसले आणि मला म्हणाले, "स्टिअरिंग पूर्ण फिरव अन् आतल्या बाजूनं हात फिरव." बाहेरून पुढचे दोन्ही टायर ठीक दिसत होते. आतल्या कडेवर मात्र बोटाला खोबणी लागेचना, आणि डाव्या टायरला एका जागी रबराच्या खालून धाग्यासारखं काहीतरी टोचलं. एकाच बाजूने असं घासलं तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलेली असते. नक्षीच्या दोन्ही कडा घासल्या आणि मधला भाग शाबूत राहिला तर हवा कमी, मधलाच भाग घासला तर जास्त. जागोजागी खळगे पडले तर शॉकअप बघायचे. मागच्या टायरांना खोबणी भरपूर होती, पण नक्षीच्या तळाशी आणि कडेवर बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. सहा उन्हाळे उघड्यावर काढल्यावर रबराचं ते होणारच.

कडेवर फुगा आला असेल तर तो टायर त्याच दिवशी काढावा. नागपुरात हे फुगे खूप दिसतात, कारण सिमेंट रोड आणि त्याच्या बाजूची जमीन यांत जागोजागी वीतभर पायरी आहे. गाडी बाजूला घेताना कड त्या पायरीवर दाबली जाते आणि आतले धागे तुटतात. कडेचं पंक्चर काढून मिळत नसतं. कुणी काढून देतो म्हणालाच तर नको म्हणावं.

माप बदलायचा मोह दुकानात हमखास घालतात. "१९५/५५ घ्या ना जी, गाडी भारी दिसते." टायरच्या मापापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, तिकडे कुणी लक्ष देत नाही. आमच्या मापापुढे ८८ एच असतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे २१० पर्यंतचा वेग. त्याच रिमवर बसणारा १९५/५५ बहुतेक ८५ चा असतो, म्हणजे ५१५ किलोचा. टायर रुंद झाला आणि एकेकाची ताकद पंचेचाळीस किलोने घटली. शिवाय तो उंचीला चार टक्के कमी, त्यामुळे गाडी खाली बसते, स्पीडोमीटर चुकतो आणि खड्ड्यातला दणका थेट रिमला पोचतो. सात माणसांच्या गाडीला हे कशाला? कंपनीने दिलेलं माप, आणि ओझ्याचा आकडा त्याहून कमी नको.

टायर बनल्याची तारीखही बघायला हवी. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३४२५ असेल तर २०२५ मधला चौतिसावा आठवडा. बरेचदा ते एकाच बाजूला छापलेले असतात, म्हणून टायर उलटवून मोबाईलच्या उजेडात शोधावे लागतात. एका दुकानाने मला चांगली सूट देऊ केली होती आणि टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. "वापरलेलेच नाही ना ताई, मग जुने कसे?" असं तो माणूस म्हणाला. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये नागपूरचे तीन उन्हाळे काढलेलं रबर नुसतं पडून पडूनही कडक होतं. मी सहा महिन्यांच्या आतलेच घेते.

नणंदेला चार नको होते, दोनच हवे होते. तिच्या फिटरने ते पुढे लावायचं ठरवलं होतं. त्याचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं: गाडी पुढची चाकं ओढतात, ब्रेकचा भारही पुढेच जास्त येतो, मग नवे पुढे हवेत. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सटकली तर गाडी सरळ जाऊ लागते. ॲक्सिलरेटर सोडला की वेग उतरतो आणि चाकं पुन्हा धरतात. मागची सटकली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती आवरणं आपल्यासारख्या रोजच्या चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून दोनच घेतले तर नवे मागे आणि मागचे बरे असतील तर ते पुढे. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात. मी तिच्याबरोबर जाऊन ते तसे लावून घेतले. फिटर नाराज झाला, पण त्याने लावले.

पैशांचं थोडक्यात. चार टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग (चाकांचा तोल साधणं) मिळून वीस ते तीस हजारांच्या घरात जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुना दर सांगणाऱ्याकडे पक्कं बिल मागावं. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्यावेत; वॉरंटीला तेच लागतात.

बसवताना मी तिथंच उभी राहते. मशीनने रिमवरून टायर सोडवला की आत डोकावून बघायचं. आमच्या उजव्या पुढच्या टायरच्या पोटात मूठभर काळा भुगा निघाला. हळूहळू हवा सोडणारं एक पंक्चर त्यात होतं. कमी हवेवर धावताना आतली कड दुमडून घासली गेली होती, त्याचा तो भुगा. फिटर पोराने तो बोटावर घेऊन मला दाखवला आणि म्हणाला, "हा समृद्धीवर गेला असता ना काकू, तर फुटलाच असता." मग त्याने रिमची कड घासून साफ केली, जुना वॉल्व कापून नवा घातला. वॉल्व टायरबरोबर बदलायलाच हवा, त्याचं रबरही तेवढंच जुनं असतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका होता. तो टायरची हलकी बाजू दाखवतो, म्हणून वॉल्वसमोर आणून बसवायचा. बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. टायर रिमवर बसवण्यासाठी हवा जास्त भरतात, ती स्टिकरच्या आकड्यावर आणल्याशिवाय गाडी घेऊ नये. नट शेवटी हाताच्या पान्याने आवळून घ्यावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पहिले काही दिवस गाडी जपून चालवावी, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो.

स्टेपनी त्याच वेळी खाली काढून बघावी. बहुतेकांची गाडी विकत घेतल्या दिवसापासून तशीच लटकलेली असते. खोबणी नवी, तारीख गाडीइतकीच जुनी आणि हवा निम्मी. आमची मी सहा वर्षांची म्हणून रस्त्यावरून घरापर्यंत आणण्यापुरतीच मानते. तिच्यावर सगळ्यांना बसवून लांब जायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

जुने टायर दुकानदार बदल्यात घेतात आणि बिलातून वजा करतात. ते पुढे कुठं जातात याची मला काळजी असते, कारण गोटा टायरवर गरम हत्याराने नवी खोबणी कोरून तो पुन्हा विकल्याचं मी पाहिलंय. मागचे दोन काटोलचा मावसभाऊ बैलबंडीसाठी घेऊन गेला. बैलांच्या चालीला टायर तापत नाही, तिथं ते अजून बरीच वर्षं निघतील. पुढच्या दोघांच्या कडा मी दुकानातच ग्राइंडरने कापायला लावल्या. मालक म्हणाला, "मग याचे पैसे नाही मिळणार ताई." मी म्हटलं, "नको, भाऊ. कापा."